किल्ली नावाचा हातोडा

दाजी हे काही त्याचं नाव नव्हतं. पण बायकोचा धाकटा भाऊ जहाजावर कामाला लागला, पहिल्याच सकाळी डेकच्या दुसऱ्या टोकावरून "ओ दाजी, इकडे या की!" म्हणून ओरडला, आणि तेव्हापासून स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. "एका बायकोत एवढे मेव्हणे पदरात पडलेला माणूस दुसरा नसेल," असं त्याच्या जोडीचा लांब्या म्हणायचा. खऱ्या मेव्हण्याचं नाव मग आपोआप मेव्हणा पडलं. बाकी जहाजावरची नाती सगळी तोंडाची. सुपरवायझरला तर सगळेच काका म्हणायचे. माणसाला काका म्हटलं की त्याला उलट विचारायला जीभ रेटत नाही. ही सोय कोणी आणि कोणासाठी काढली, ते ज्याचं त्याने ओळखावं.

मेव्हणा मेला त्या दुपारी दाजी त्याच्यापासून चार पावलांवर होता. मध्ये फक्त लोखंड होतं.

हे समुद्राच्या तळाशी जाऊन तेलाचे नळ जोडणारे लोक. खोल पाण्याच्या दाबाने श्वासातला वायू रक्तात, चरबीत, सांध्यासांध्यांत मुरतो. मुरायला वेळ लागत नाही, पण बाहेर यायला दिवसच्या दिवस लागतात. रोज खाली जाऊन रोज वर येणं कंपनीला परवडत नाही. म्हणून यांना जहाजावरच लोखंडी पिंपात कोंडतात, आणि पिंपात तळाइतकाच दाब भरतात. कामाचे आठवडे संपेपर्यंत तिथेच खायचं, तिथेच झोपायचं, एकमेकांचे मोजे हुंगायचे. कामावर जायची वेळ झाली की बेल नावाचा लोखंडी गोळा पिंपाच्या तोंडाला येऊन चिकटतो. त्यात सरकायचं, तो तळाशी नेऊन सोडतो आणि परत आणतो. आपण वर आलोय हे शरीराला कळूच द्यायचं नाही. दाब सोडायचा तो शेवटी एकदाच, मुंगीच्या पावलाने. एकदम सुटला तर काय होतं हे सांगताना सगळे सोड्याच्या बाटलीचं उदाहरण देतात. उदाहरण बरोबर आहे. फक्त बाटलीला आई नसते.

या जहाजावर पिंपं दोन होती, पुढचं आणि मागचं, मध्ये एक दार. पुढच्या पिंपातून एक आखूड बोगदा बेलपर्यंत जायचा, आणि बेल आणि बोगदा जिथे भिडतात तिथे बाहेरून एक जाडजूड लोखंडी कडं आवळलेलं असायचं. रीत अशी: कामावरून आलेली जोडी बेलमधून सरकत पुढच्या पिंपात येणार आणि बोगद्याचं दार आतून लावून घेणार. मग काका आपल्या खोलीत दाबाच्या काट्यांसमोर बसून बोगद्यातला दाब सोडून देणार. आणि मग बाहेरचा माणूस कडं उघडून बेल मोकळी करणार. बाहेरचा माणूस म्हणजे मेव्हणा.

कड्याला एक खिट्टी होती. बोगद्यात दाब असेपर्यंत ती जागची हलायची नाही, मग कोणी कितीही दात-ओठ खाल्ले तरी. बनवणाऱ्याने ती माणसावर अजिबात विश्वास न ठेवता बनवली होती, आणि शहाणपणाच केला होता. पण खाऱ्या हवेने ती गंजली. दाब नसतानाही अडकायला लागली. नवी मागितली तर उत्तर आलं, पुढच्या बंदरात बघू. बंदरं आली आणि गेली. मग कोणीतरी कड्याशेजारी दोरीने एक हातोडा टांगला. त्याच्या दांड्याला लाल रंग लावला आणि त्याचं नाव ठेवलं किल्ली. खिट्टी अडली की काका म्हणायचे, "किल्ली घाल." एक-दोन ठोके, की खटकन सुटायची. सगळे हसायचे. खिट्टी दाबाने अडलीये की गंजाने, हे मात्र आता कोणालाच कळायला मार्ग नव्हता. जहाजावरच्या एकुलत्या एक खरं बोलणाऱ्याला सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलं होतं.

दुपारच्या चहाची वेळ होती. पैलवान आणि चष्मा ही जोडी तळावरून नुकतीच पुढच्या पिंपात आली होती. दाजी आणि लांब्या मागच्या पिंपात आडवे होते. पिंपात हवेऐवजी जास्त करून हेलियम असतो, तो अंगातली ऊब चोरतो. "मधलं दार लाव रे, गार येतंय," असं लांब्या म्हणाला, म्हणून दाजीने मधलं दार लोटून लावलं. ते दोघे वाचले ते एवढ्यासाठीच. यात देवाला ओढायचं कारण नाही.

काकांच्या खोलीतला माईक पिंपांकडे चालूच राहिला होता. काका दुसऱ्या फोनवर कोणाशी तरी भांडत होते, बेल अजून मोकळी का नाही म्हणून वरून तगादा चालला होता. त्यात डेकवरून मेव्हण्याचा आवाज आला. छतातल्या कर्ण्यातून तो दाजीला स्वच्छ ऐकू आला.

"काका, खिट्टी घट्ट आहे."

"रोजच असते."

"आज जास्त वाटतेय. आतलं दार लागलंय ना?"

"लागलंय रे बाबा. किल्ली घाल."

"काटा बघितलात ना तुम्ही?"

"आता तू मला शिकवणार का? डोकं खातायत इथे सगळे. उघड!"

दार लागलेलं नव्हतं. पैलवानाच्या पिशवीचा पट्टा दारात अडकला होता आणि तो वाकून सोडवत होता.

हातोड्याचे ठोके दाजीने ऐकले. त्यानंतर जे झालं त्याला आवाज म्हणत नाहीत. बेल तोफगोळ्यासारखी सुटली आणि समोर उभा असलेला मेव्हणा तिच्या वाटेत होता. पुढच्या पिंपातला दाब डोळ्याचं पातं लवायच्या आत संपला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पैलवानाला आणि चष्म्याला काही कळलंसुद्धा नसेल. डॉक्टर हे नेहमीच सांगतात, आणि या वेळी ते खरंही होतं. मधलं दार मागच्या पिंपातल्या दाबाने असं बसलं की दहा माणसांना हललं नसतं. दाजीच्या हातातल्या कपातला चहासुद्धा सांडला नाही.

तीन माणसं मेली आणि दोन अडकली. दाजी आणि लांब्याला बाहेर काढणं म्हणजे त्यांचाही पैलवान करणं. दाब सावकाश सोडत आणायला बरेच दिवस लागणार होते, आणि दाब सोडणाऱ्या तोट्या होत्या काकांच्या हातात. दुसरा सुपरवायझर बोटीने यायचा होता, पण समुद्र खवळलाय म्हणून आला नाही. कंपनीचा माणूस मात्र त्याच समुद्रातून त्याच दिवशी आला.

पिंपाला तळहाताएवढी जाड काच होती. दाजी तिला डोळा लावून बसायचा. पहिल्यांदा डेक धुतलेला दिसला. मग कड्यापाशी कोणी फोटो काढताना दिसला, पण काढण्याआधी दोरी कापलेली होती आणि हातोडा नव्हता. मग कारागीर आला, नवी कोरी खिट्टी बसवून गेला. पुढचं बंदर आलं नव्हतं, तरी खिट्टी आली होती. शेवटी एक जण डबा आणि ब्रश घेऊन आला आणि कड्याला रंग द्यायला लागला.

"काय दिसतंय?" लांब्याने विचारलं. तो इतका उंच होता की पिंपातल्या बाकावर त्याला गुडघे पोटाशी घेऊनच झोपावं लागायचं.

"रंगरंगोटी चाललीये. लग्नघर वाटतंय."

"बघू नकोस मग."

कंपनीचा माणूस कर्ण्यातून बोलायला लागला. हेलियममध्ये माणसाचा आवाज बदकासारखा निघतो, म्हणून काकांच्या टेबलावर एक यंत्र असायचं, ते आतला आवाज पुन्हा माणसात आणायचं. त्या यंत्रातून बोलणी झाली.

"दाजीसाहेब, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

"बोला."

"फार काही नाही. घाईघाईत तरुण पोराकडून चूक झाली. हुकूम नसताना त्याने कडं उघडलं. तुम्ही आत होतात. तुम्ही कोणताही हुकूम ऐकला नाही, एवढंच तुमच्या तोंडून हवंय. टेपवर घेऊ."

"टेप तर कायमच चालू असते. त्या दुपारची लावा की."

"नेमकी तेव्हा बदलत होते म्हणे."

"आणि आमच्या श्वासाचा वायू बघणारा गॅसवाला? तो काकांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलेला असतो."

"तो तेव्हा बाहेर गेला होता."

"बरा गेला. सगळेच बरे बाहेर गेले."

"तुम्ही थकलाय," कंपनीचा माणूस मऊ आवाजात म्हणाला. "उद्या बोलू."

कर्णा बंद झाल्यावर लांब्या उठून बसला. त्याने बोट तोंडावर ठेवलं, माईककडे खूण केली, आणि दाजीच्या कानाला तोंड लावून कुजबुजला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? आपला जीव कोणाच्या हातात आहे ते बघ. एक तोटी जरा जास्त फिरली तर तू आणि मी दोघं फसफसून संपू. हो म्हण ना त्यांना! नाहीतर गप्प बस. एकदा पाय जमिनीला लागू देत, मग चौकात उभा राहून बोंब मार. मी येतो सोबतीला बोंबलायला."

"तोपर्यंत बाहेर सगळं नवं झालेलं असेल. कोण विश्वास ठेवणार?"

"आत्ता तरी कोण ठेवतोय? बदकाची साक्ष."

"त्याने विचारलं होतं रे. काटा बघितला का म्हणून विचारलं होतं."

"मीही ऐकलं. मला कान नाहीत का?" लांब्याने नजर चुकवली. "पण मला दोन पोरी आहेत."

लांब्या भित्रा नव्हता. गढूळ पाण्यात, हाताला हात दिसत नसताना, जाळ्यात अडकलेल्या दाजीला त्यानेच एकदा कापून सोडवलं होतं. पण तळाशी जीव जातो तो आपल्या किंवा पाण्याच्या चुकीने. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मर्जीने जीव जाईल याची भीती वेगळी असते, आणि ती त्यांना कोणी शिकवली नव्हती.

जेवणाची ताटं भिंतीतल्या छोट्या दुहेरी झडपेतून आत आली आणि पाठोपाठ काकांचा आवाज आला. खोलीत ते एकटे असावेत.

"जेवून घ्या रे. सूप गरम आहे तोवर."

"हो काका," लांब्या लगेच म्हणाला.

"दाजी, गुडघा कसा आहे? दुखला तर लपवू नकोस. दुखला म्हणजे दाब जास्त सुटला, परत वाढवावा लागेल. आणखी दिवस जातील, पण गेले तर जाऊ देत."

यात वाईट काय होतं? काहीच नाही. चांगला सुपरवायझर हेच विचारतो. दाजीला हे काम शिकवलं ते याच आवाजाने. पहिल्या खेपेला तळाशी त्याला धाप लागली होती तेव्हा "श्वास मोज, बाळा, मी आहे," म्हणणारा आवाज हाच. त्यामुळे ही काळजी होती की धमकी, ते दाजीला ठरवता येईना. काकांनाही ठरवता आलं नसतं कदाचित.

"काका," दाजी म्हणाला, "तुम्ही काटा बघितला होता का?"



"पोरगा तर गेला," काका म्हणाले. "गेलेल्याला आता कोणी काही म्हटलं तर काय फरक पडतो? मला अजून इथे रोज माणसं खालीवर करायचीत. सूप गार होतंय."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने नवी युक्ती काढली. बायकोशी बोलणं झालं की माणूस विरघळतो, असा त्याचा अनुभव असेल. कप्तानाच्या खोलीतून फोन जोडला, काकांच्या खोलीतून पिंपात दिला, आणि सगळे ऐकत बसले. दाजीची बायको माहेरी होती. फोन तिच्या वडिलांच्या घरात, बैठकीच्या खोलीत, मोठ्या आवाजावर लावलेला होता.

"अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय. तू जेवलीस का?"

"माझं जेवण राहू द्या. पैलवानाचा थोरला भाऊ आलाय. दारातच उभा आहे. या म्हटलं तरी येत नाही, बसत नाही, पाणीही घेत नाही. म्हणतो, तुमच्या पोराने माझ्या भावाला मारलं. बाबा खाली मान घालून बसलेत सकाळपासून. चष्म्याच्या बायकोने तर भेटायलाच नाही म्हणून कळवलंय. कंपनीने सगळीकडे हेच सांगितलंय, की पोराने आपल्या मनाने उघडलं."

"वहिनी," कंपनीचा माणूस मध्येच बोलला, "चौकशी चालू आहे, आत्ताच कोणी काही—"

"तुम्ही कोण ते मला माहीत नाही, आणि मी तुमच्याशी बोलत नाहीये. अहो, तुम्ही सांगा. तुम्ही तिथे होतात. माझ्या भावाने आपल्या मनाने उघडलं का?"

दाजीने लांब्याकडे पाहिलं. लांब्याने मान हलवली. नको. मग, का कोण जाणे, त्याने भिंतीकडे तोंड फिरवून पाठ केली. माणूस ज्याला थांबवू शकत नाही त्याला अशीच वाट देतो.

"नाही," दाजी म्हणाला. "ऐक. त्याने आधी सांगितलं, खिट्टी घट्ट आहे. मग विचारलं, दार लागलंय ना. मग विचारलं, काटा बघितला का. काका म्हणाले—"

पुढचं वाक्य बदकाच्या आवाजात निघालं. फोन कप्तानाच्या ताब्यात होता. काकांच्या हाताशी होतं फक्त ते यंत्र, आणि त्याचं बटण त्यांनी दाबलं होतं.

तिकडच्या खोलीत कोणीतरी फिस्कन हसलं. दुःखाच्या घरात हसू दाबता येत नाही. मग सासऱ्यांचा आवाज आला, थकलेला. "हे काय ओरडतंय? कोण आहे हे?"

"तुमचे जावई आहेत, बाबा," बायको म्हणाली. "बोला तुम्ही. थांबू नका. मला कळतंय."

तिला कळत होतं. लग्न झालं त्या वर्षी दाजी दुसऱ्या एका जहाजावर होता, तिथे यंत्रच नव्हतं. नव्या नवरीने नवऱ्याच्या सगळ्या लाडीगोडीच्या गोष्टी बदकाच्या आवाजातच ऐकल्या होत्या, त्याही उशीत तोंड खुपसून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

दाजी बोलत गेला आणि ती एकेक वाक्य मोठ्याने परत म्हणत गेली. रडली नाही. भाजीवाल्याने सांगितलेला भाव घरातल्यांना कळवावा, तशी.

"काका म्हणाले, दार लागलंय, किल्ली घाल... किल्ली म्हणजे हातोडा. खिट्टी गंजली होती म्हणून तिथे हातोडा टांगला होता. सगळेच मारायचे... आता तो काढून टाकलाय. खिट्टी नवी बसवलीये. काल रंग दिला... त्याने काटा बघितला का विचारलं तर काका म्हणाले, तू मला शिकवणार का, उघड."

"बास!" कंपनीचा माणूस म्हणाला. "कप्तान, लाइन तोडा." कप्तानाने लाइन तोडली नाही.

मग फोनवर एक जाड आवाज आला, पैलवानाच्या भावाचा. "त्याला विचारा, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय, की मेव्हण्यासाठी पदरचं घालतोय?"

"कानांनी," दाजी म्हणाला, आणि बायकोने सांगितलं, "कानांनी ऐकलंय म्हणतात."

"सोयरा तसंच म्हणणार."

तेव्हा लांब्या उठला. वरच्या बाकाला डोकं आपटलं, एक शिवी घातली, आणि दाजीला बाजूला सारून माईकला तोंड लावलं. "मीही ऐकलं. शब्द न् शब्द. मी कोणाचा सोयरा नाही."

"हा दुसरा कोण?" बायकोने विचारलं.

"लांब्या."

"दुसरेही म्हणतायत, शब्द न् शब्द ऐकला," तिने सांगितलं. "हे आमचे कोणी लागत नाहीत."

एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बसले ते," बायको हळूच म्हणाली. "पाणी मागतायत."

मग तो जाड आवाज पुन्हा आला, आता जवळून, फोन हातात घेतल्यासारखा. "तुमचं बोलणं मला कळत नाही, पण माझं तुम्हाला कळत असेल. दोघं नीट बाहेर या. मी बंदरावर येतो, चष्म्याच्या घरच्यांनाही आणतो. आणि त्या खोलीत जो कोणी तोट्या धरून बसलाय, त्यानेही ऐकावं. ही माणसं जिवंत बाहेर येणार आहेत हे आता आम्हाला माहीत आहे."

फोन बंद झाला. पिंपात हेलियमचा सूं आवाज तेवढा उरला. लांब्या डोकं चोळत बसला होता.

"पोरींचं काय म्हणत होतास?" दाजीने विचारलं.

"गप बस."

बऱ्याच वेळाने कर्णा खरखरला. यंत्र पुन्हा चालू झालेलं होतं. "पुढचा दाब सोडतोय," काकांचा आवाज म्हणाला. तो कोरडा होता, कामापुरता.

"किती?" दाजीने विचारलं.

काकांना असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. ते सोडायचे आणि आतले गप्प पडून राहायचे.

"नेहमीइतकाच."

"नेहमीइतका म्हणजे किती ते सांगा. आणि आम्ही हो म्हटल्याशिवाय तोटीला हात लावू नका."

आतही दाबाचा एक काटा असतो, दाराच्या वर. लांब्या उठला, पाय दुमडून त्याच्यासमोर बसला आणि काच बाहीने पुसली.

काकांनी आकडा सांगितला.

"सोडा," लांब्या म्हणाला. काटा हलला, तेवढाच, आणि थांबला. लांब्याने मान न वळवता दाजीला म्हटलं, "तू झोप थोडा. मग मी झोपतो."